गुडघे घेऊन कड्याच्या लग्नाला

कड्याहून परत आलो तसा पारावर जो भेटेल तो एकच विचारतो, "तात्या, लग्नात काय झालं म्हणं?" विचारणाऱ्याला अर्धं आधीच माहीत असतं, आणि जे माहीत असतं ते खोटं असतं. म्हणून हे लिहून काढलं. माझी शाळा चौथीत सुटली. पण ज्यांची पंधरावी झाली ते मोबाइलवर अंगठे घासण्यापलीकडं काय लिहितात ते मी रोज बघतो. तेव्हा मला लाजायचं कारण नाही.

तलवाडा

आधी गुडघ्यांचं सांगतो, कारण सगळं रामायण त्यांच्यापायी झालं. माझे दोन्ही गुडघे गेलेत, डावा जास्त. सकाळी उठलं की लाकडासारखे असतात. जरा चाललं की मोकळे होतात, जास्त चाललं की पुन्हा बोंब. पायरी आणि उतार आला की जीव जातो. आतून करकर वाजतात, जात्यात खडा आल्यासारखे. हे कुणाला सांगायची सोय नाही. सांगितलं की गावातला जो तो वैद्य होतो. एक म्हणतो, मेथ्या खा. दुसरा म्हणतो, वात हाय, वांगं सोडा. ज्याला स्वतःच्या बैलाचा खूर कळत नाही तो माझा गुडघा दाबून बघतो आणि मान हलवतो.

दिवाळीच्या आधी चकलांब्याला तेराव्याला गेलतो. पंगतीत मांडी घालून बसलो, जेवलो, आणि उठायला गेलो तर खालचं अंग उठेच ना. दोन पोरांनी काखेत हात घालून मला ओढून उभं केलं, चिखलात बसलेली म्हैस उठवतात तसं. एक बेटा वर विचारतो, "आजोबा, पाय हायेत का खाली?" तेराव्याची पंगत, दुःखाचं घर, पण हसायचे ते हसलेच. त्या दिवशी ठरवलं, पुन्हा चारचौघांत कुणाचा हात काखेत घेणार नाही.

त्यात धाकटी बहीण सरू हिच्या नातीचं लग्न निघालं. सरू कड्याला दिलेली. आता सगळीकडं उभ्यानं जेवायची फॅशन आली, हातात ताट घेऊन भिकाऱ्यासारखं फिरायचं. पण सरूच्या घरी अजून पंगत बसते, आणि त्या पंगतीचा एक रिवाज आहे. डोक्याला नवरीच्या आजीच्या माहेरचा माणूस बसतो. त्यानं घास घेतला की पंगत जेवते. तो उठला की पंगत उठते. त्याच्या आधी कुणी उठला तर त्या माणसाचा अपमान धरतात. सरूच्या माहेरचा वडीलधारा आता मी एकटाच उरलो. म्हणजे तिथं मांडी घालून बसणं आलं, आणि त्याहून वाईट, सगळ्यांच्या आधी उठणं आलं.

बीड

बीडला मी डॉक्टरकडं गेलतो असं कुणी समजू नये. बीड वाटेत लागतं. डॉक्टरकडं जायचं होतं ते युनूसला.

युनूस गेवराईचा, माझा जुना दोस्त. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान. आमच्या विहिरीवरची मोटार त्यानं इतक्या वेळा भरली की आता आत मूळची एक तार नसंल. त्याचा उजवा गुडघा गेला, माझा डावा. एसटीच्या पायरीवर आम्ही दोघं चढताना बघून कंडक्टर म्हणाला, "दोघांचा मिळून एक माणूस होतोय, अर्ध्या तिकिटात बसा." आमचं अर्धं तिकीट वयानंच लागतं, त्याला एवढीही अक्कल नाही.

हाडाच्या डॉक्टराचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. खाली औषधाचं दुकान, मध्ये साड्यांचं, वर हाडं. साडी घ्यायला येणाऱ्या धडधाकट बायांना एक जिना आणि लंगड्यांना दोन. ज्यानं ही इमारत बांधली त्याचे गुडघे मला एकदा बघायचेत.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाची. युनूसचा फोटो काढून झाल्यावर माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही पण लंगडताय, आजोबा. तुमचाही काढू." मी म्हटलं, माझं काही नाही, मी सोबतीला आलो. युनूस म्हणाला, "काढा बाई. घरी गेला की मलाच शिव्या देईल, माझा कावून न्हाई काढला म्हून."

तिनं दोन्ही फोटो उजेडाला लावले. "हे मांडीचं हाड, हे नडगीचं. मध्ये ही फट दिसते ना, ती फट नसते. तिथं कुर्चा असते, गुळगुळीत गादीसारखी. तुमची आतल्या बाजूची गादी झिजली. म्हणून हाडं जवळ आली आणि कडेला अशी टोकं वाढली."

युनूसला जोर आला. "म्हंजे बेअरिंग गेलं. बदलून टाका, न्हाई तर ग्रीस भरा."

"काका, बेअरिंग जितकं फिरवाल तितकं झिजतं. गुडघा जिवंत असतो. तो हलवलाच नाही तर आणखी आखडतो, मांडीचा स्नायू वाळतो, आणि सगळा भार सांध्यावर येतो."

युनूसचं तोंड एवढंसं झालं. जन्मात त्याला बेअरिंगवर कुणी शिकवलं नव्हतं.

मी विचारलं, "मग भरून कशानं येतंय हे?"

"भरून येत नाही. येतं म्हणून कुणी सांगितलं तर तो खोटं बोलतो. पण दुखणं ताब्यात ठेवता येतं."

आणि मग तिनं मला काय सांगावं? व्यायाम. उताणं झोपायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती दाबायची. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, धरायचा, खाली घ्यायचा. ज्यानं जन्मभर पाळ्या घातल्या, पेंढ्या वाहिल्या, पावसाळ्यात गुडघाभर चिखलात तिफण धरली, त्याला ही पोरगी पाय उचलायला शिकवते. वर म्हणाली, पोट कमी करा. वजन उतरलं की गुडघ्यावरचा भार उतरतो. गरम पाण्यानं शेका. गोळी दुखलं तरच घ्यायची, जेवून घ्यायची, रोज चघळायची नाही, पोट आणि किडनी खराब होते. आणि काळ्या पुड्या देणाऱ्यांच्या नादी लागू नका, त्यात कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस माणूस पळतो, मग साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. ऑपरेशनचं मी विचारलं तर म्हणाली, झोप उडाली, घरातल्या घरात चालणं बंद झालं, तेव्हा बघू. तुमचं अजून तिथवर गेलेलं नाही.

सगळ्यात कहर म्हणजे काठी. मी काठी डाव्या हातात धरतो, डावा गुडघा दुखतो म्हणून. ती म्हणाली, उजव्या हातात धरा. म्हणजे छप्पर डावीकडं झुकलं तर टेकू उजवीकडं द्यायचा.

मी म्हटलं, "बाई, ते सगळं ऱ्हाऊ द्या. परवा मला मांडी घालायची हाय. तेवढं करून द्या."

"मांडी नको. उकिडवंही नको. खुर्चीवर बसून जेवा."

"तिथं खुर्ची चालत न्हाई."

"मग उठताना कुणीतरी हात द्यायला सांगून ठेवा."

हात द्यायला सांगून ठेवा. याच्यासाठी मी दोन जिने चढलतो.

खाली आल्यावर ती काठीचं चुकीचं सांगते हे युनूसला दाखवायचं म्हणून उजव्या हातात धरून बसस्टँडच्या रस्त्यानं चाललो. जरा हलकं गेलं. युनूसला सांगितलं नाही.

दुपारच्या नमाजाला तो मशिदीत गेला. मी दाराशी उभा राहिलो. आत मागच्या ओळीत खुर्च्या मांडलेल्या, आणि माझ्याच वयाचे म्हातारे त्यांवर बसून नमाज पढत होते. युनूसही. कुणी वळून बघत नव्हतं. आमच्याकडं देवळात कुणी खुर्ची मागितली असती तर लोक त्या माणसाच्या जमिनीच्या वाटण्या बोलायला लागले असते. तो बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, "खुर्चीत बसलेलं चालतं का बे तिथं?"

"अल्लाला माझा गुडघा माहीत हाय. तुझ्या सोयऱ्यायला तुझा माहीत न्हाई, म्हून तुला मांडी घालावी लागती."

त्याच्याशी बोलायची सोय नाही.

आष्टीच्या रस्त्याला

रात्र बीडला काढली आणि सकाळी निघालो. बीड सोडलं की डोंगर लागतात. आमच्याकडं गोदावरीच्या काठाला काळी रानं, इथं माळ आणि दगड. कापूस फुटलेला, ज्वारी हातभर. रस्त्यानं ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर, वर संसार लादलेले: पत्रे, हंडे, कोंबड्या, आणि सगळ्यांच्या वर लेकरं घेऊन बसलेल्या बाया. त्या बाया ट्रॉलीवरून उडी मारून उतरताना बघितल्या की वाटतं, यांच्या गुडघ्यांचे फोटो आणखी काही वर्षांनी कोण काढणार.

वाटेत एका गावात तेलवाला बसतो. गावाचं नाव लिहीत नाही, त्याची फुकट जाहिरात होईल. पत्र्याचं शेड, बाहेर रांग. रांगेत लंगडे, वाकडे, आणि एक पांढऱ्या गाडीतून आलेला पुढारीही. तेलवाल्याच्या आठ बोटांत अंगठ्या. त्याचे स्वतःचे गुडघे चांगले असतील, कारण तो गादीवरून हलत नव्हता.

त्यानं माझा गुडघा दाबला आणि माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "कावून आलाव?"

"उद्या मांडी घालायची हाय."

"उद्या मांडी घाला, परवा कुस्ती खेळा. हे तेल चोळा, वर रुईचा पाला बांधा, रातभर ठिवा. चटका बसला की समजा, गुण आला. आन ही पुडी सकाळी दुधातून."

पुडी काळी होती. युनूसनं ती उचलून नाकाशी नेली आणि परत ठेवली. "माझी साखर हाय. बाईनं काय सांगितलं ते ऐकलं न्हाई का?"

पुडी मीही घेतली नाही. तेल घेतलं. वरून लावायचं, त्यात काय बिघडतं असं वाटलं. डॉक्टरीण खरं बोलली होती हे मलाही कळत होतं, पण खरं घेऊन पंगतीत बसता येत नव्हतं. तेलवाला मला पाहिजे तेच बोलला, आणि लोक रांग लावतात ती त्याच्यासाठीच.

कडा

कड्याला कारखाना सुरू होता. गावात शिरलं की मळीचा वास येतो. पहिल्यांदा गोड, मग डोकं उठवणारा. गावकऱ्यांना येत नाही म्हणे.

सरू अंगणात खुर्चीवर बसून पाहुण्यांचं बघत होती. तिचेही गुडघे गेलेत. मी म्हटलं, "खुर्चीत बसलीस? म्हातारी झालीस की."

"आन तू कोण? नवरदेव?" ती म्हणाली. "पाय दाखव. कशाला बांधलाय?"

मी दाखवला नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी पाला सोडला तर गुडघ्याच्या मागं फोड आलते, हरभऱ्याएवढे. चटका बसला होता, गुण कुठं गेला ते तेलवाल्याला माहीत. पाय आता वाकवायलाही नको झाला.

लग्न लागलं. मांडवात पत्रावळ्या पडल्या. सरूचा मुलगा विष्णू मला हाताला धरून डोक्याला घेऊन गेला. शेजारी नवरदेवाचे आजोबा, पांढऱ्या मिशांचा ताठ माणूस. युनूस शहाणा. मांडवाच्या कडेला प्लास्टिकची खुर्ची ओढून मांडीवर ताट घेऊन बसला. मी खांबाला धरून खाली बसलो. फोड फुटले ते मला कळलं, दुसऱ्या कुणाला नाही.

वाढपी आले. पुऱ्या, वांग्याची भाजी, बुंदी, वरण, भात. भाजी झणझणीत, आमच्यापेक्षा शेंगदाण्याचा कूट जास्त. मी घास घेतला, पंगत जेवायला लागली. जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती आणि मला चवही लागत नव्हती.

जेवण झालं. खांब मागं होता, हात पोचत नव्हता. जोर केला. बूड जागचं हललं नाही.

पंगत माझ्याकडं बघत होती. मी वाढप्याला म्हटलं, "भात आण." भात आला. पंगतीनंही भात घेतला, न घेऊन करतात काय. मग मी वरण मागितलं. मग ताक. समोरचा एक लठ्ठ पाहुणा हळूच पट्टा सैल करत होता. उष्टे हात वाळायला लागले. तिकडं बाया आणि लेकरं ताटकळत उभी, कारण पुरुष उठल्याशिवाय त्यांची पंगत बसत नाही.

शेवटी मी म्हटलं, "उठा तुमी. माझं चालू द्या."

कुणी उठेना. मग एकेक जण उठला, पण माझ्याकडं चोरून बघत, पाप केल्यासारखा. नवरदेवाचे आजोबा तेवढे बसून राहिले. "तुमी उठल्याबिगर मी कसा उठू?" ते म्हणाले. या जमान्यात एवढी रीत पाळणारा माणूस बघून मला बरं वाटलं.

तेवढ्यात मागं कुजबुज ऐकू आली. माहेरचा पाहुणा रुसला.

विष्णू धावत आला, हातात कोरा फेटा आणि नारळ. माझ्यापुढं वाकून म्हणाला, "मामा, काय चुकलं आमचं? आहेराच्या टायमाला नाव मागून घेतलं का तुमचं?"

खरं म्हणजे मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पण अडकलेल्या म्हाताऱ्यापेक्षा रुसलेला पाहुणा बरा. मी डोकं पुढं केलं. त्यानं माझ्या डोक्याला फेटा बांधला. मी बसूनच. नवरदेवाचा बाप आला, हात जोडले. मी बसूनच. आता त्यांच्याकडची माणसं आपसात बोलायला लागली, "मुलीच्या घरातच भांडण दिसतंय." नवरी दारात उभी होती. तिच्या तोंडावरचं हसू गेलं ते मला बसल्या जागेवरून दिसलं.

मग सरू आली. भिंतीला धरत, एकेक पाय ओढत.

"दादा, माझ्या नातीच्या मांडवात कावून रुसलास? काय पायजे ते मला सांग. लोकांफुडं नको."

तिचे डोळे भरलते. सासरी इतकी वर्षं काढून तिनं या घरात जे नाव कमावलं होतं ते मी बुडाखाली घेऊन बसलतो.

मी म्हटलं, "रुसलो न्हाई."

"मग उठ ना."

"उठता येईना." आणि हळू बोललो तर पुन्हा कुणीतरी त्याचं भलतंच करील म्हणून मोठ्यानं सांगितलं, "गुडघे गेलेत माझे. मला उठता येईना. घरात कुणाचं काय चुकलं न्हाई."

चकलांब्यासारखं हसतील म्हणून वाट बघितली. कुणी हसलं असलं तरी मला ऐकू आलं नाही. दोन पोरं काखेत हात घालायला पुढं आली. "हात लावायचा न्हाई," मी म्हटलं. युनूस मला लांबून म्हणाला, "किसन्या, विहिरीतली मोटार वर काढायची तर आधी कप्पी लागती. कशाला तरी धर."

सरूनं तिची लाकडी खुर्ची मागवली. पाठ माझ्याकडं करून ठेवली आणि स्वतः तिच्यावर दाबून बसली, खुर्ची उलटू नये म्हणून. "मी बसले हाय. पाठीला धर आन उठ. माझं वजन कशाच्या तरी कामाला येऊ दे."

मी आधी कुशीवर वळलो, मग बऱ्या गुडघ्यावर आलो, खुर्चीची पाठ धरली. गुडघे वाजले ते मांडवभर ऐकू गेले असतील. पण उठलो. कुणाचा हात घेतला नाही. लाकूड धरलं, आणि लाकडाला तोंड नसतं.

बायांनी लगेच पत्रावळ्या मांडायला घेतल्या. नवरीला कुणीतरी हसवलं. विष्णू माझ्या डोक्यावरच्या फेट्याकडं बघत होता, तो परत मागावा की काय अशा विचारात. मी दिला नाही. बांधलेला फेटा कुणी सोडून देत नसतं.

तरी जागा मोकळी होईना. नवरदेवाचे आजोबा अजून पत्रावळीपुढं ताठ बसलेले. मी म्हटलं, "पाव्हणं, उठा आता. मी उठलो. झाली रीत."

त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि सरूला म्हणाले, "विहीणबाई, ती खुर्ची जरा इकडं सरकवता का. आन तुमी बसून ऱ्हावा तिच्यावर."